कोकणात थीम पार्क उभारताना मालकी आणि भांडवलाच्या या चुका टाळा

कोकणच्या किनाऱ्यावर एखादे करमणूक उद्यान उभे राहणार अशी बातमी आली की राइड कोणत्या येणार, तिकीट किती असणार आणि समुद्र किती जवळ आहे, एवढ्यावरच बहुधा चर्चा होते. जमीन कोणाच्या नावावर आहे, पैसा कोणी घातला आहे आणि तो किती वर्षांनी परत मिळावा अशी त्याची अपेक्षा आहे, हे प्रश्न प्रकल्प अहवालाच्या शेवटच्या पानांत राहून जातात. पार्कचे भवितव्य मात्र त्याच पानांत ठरते. लोकांना आवडलेली, तरीही बंद पडलेली किंवा मालक बदलावे लागलेली पार्क जगभर आहेत, आणि त्यांतील एक बोलके उदाहरण आपल्या रायगड जिल्ह्यातच आहे. किनारी तालुक्यांत वॉटर पार्क किंवा छोटे थीम पार्क काढू पाहणारे हॉटेल व्यावसायिक, बागायतदार कुटुंबे, गावात पैसा लावू इच्छिणारे चाकरमानी आणि जमीन भाडेपट्ट्याने देण्याचा विचार करणारे भाऊबंद यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढील चुका मांडल्या आहेत.

थोड्या मुदतीच्या कर्जावर दीर्घ मुदतीचे पार्क

सर्वांत महागात पडणारी चूक हीच असल्याने तिच्यावर थोडे अधिक थांबतो. खोपोलीजवळचे अ‍ॅडलॅब्स इमॅजिका एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाले. चित्रपट व्यवसायात नाव कमावलेल्या मनमोहन शेट्टी यांनी मुंबई आणि पुणे या दोन महानगरांच्या मध्ये, द्रुतगती मार्गालगत, आंतरराष्ट्रीय दर्जाच्या राइड आणल्या. पुढे वॉटर पार्क, हॉटेल आणि स्नो पार्कही आले. जागा मोक्याची होती आणि राइड नावाजलेल्या होत्या. तरीही एक हजार कोटींहून अधिक कर्जाचा भार उत्पन्नाला पेलवेना. मार्च २०१५ मध्ये कंपनीने समभाग विक्रीस काढले तेव्हा प्रतिसाद अपुरा पडल्याने २२१ ते २३० रुपयांचा किंमतपट्टा खाली आणावा लागला आणि अखेर १८० रुपयांनी समभाग द्यावे लागले. त्या पैशाचाही मोठा भाग कर्ज कमी करण्यासाठीच ठेवलेला होता. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि थीम पार्कच्या प्रवेशावर २८ टक्के कर बसला. तो जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्क्यांवर आला. पुढे हप्ते थकले, त्यात कोरोनाची टाळेबंदी आली, आणि २०२२ मध्ये कर्ज देणाऱ्या बँकांच्या संमतीने सुमारे ६६ टक्के मालकी संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. शिर्डी आणि लोणावळ्याचे वॉटर पार्क चालवण्याचा अनुभव या समूहाकडे होता. बँकांनी आपल्या येणे रकमेचा काही भाग सोडला, नव्या मालकाने भांडवल ओतले, आणि तेच पार्क नफा दाखवू लागले. रोलर कोस्टर तेच होते, रस्ताही तोच होता. बदलली होती ती ताळेबंदातील देण्यांची बाजू आणि मालकाचा हात.

पॅरिसजवळच्या युरो डिस्नेची कथा याच वळणाने गेली आहे. १२ एप्रिल १९९२ रोजी उघडलेल्या या पार्कमध्ये डिस्ने कंपनीचा हिस्सा ४९ टक्के होता, उरलेला सामान्य भागधारकांना विकलेला होता आणि उभारणीचा बहुतेक खर्च कर्जातून झालेला होता. पहिल्याच दिवसापासून सहा मोठी हॉटेले आणि सुमारे पाच हजार खोल्या तयार ठेवल्या होत्या. युरोपात त्या वेळी मंदी होती. लोक आले, पण एका दिवसात पार्क पाहून परत जाऊ लागले आणि खोल्या रिकाम्या राहिल्या. दोन वर्षांत बँकांना काही काळाचे व्याज सोडावे लागले, डिस्नेला आपली रॉयल्टी काही वर्षांपुरती थांबवावी लागली आणि सौदी राजपुत्र अल् वलीद बिन तलाल यांचे भांडवल घ्यावे लागले. तिकीट स्वस्त केल्यावर आणि १९९५ मध्ये नवी मोठी राइड आणल्यावर पार्कला प्रथमच वार्षिक नफा झाला, पण कर्जाचे ओझे पुढेही पिच्छा पुरवत राहिले. २०१२ मध्ये डिस्नेने बँकांचे कर्ज स्वतःकडे घेतले आणि २०१७ मध्ये उरलेले भागही विकत घेऊन पूर्ण मालकी मिळवली. जगातील सर्वांत नामांकित पार्क कंपनीलाही भांडवलाची रचना चुकल्यावर ती सुधारायला पंचवीस वर्षे लागली.

हाच हिशेब आपल्या आवाक्यातल्या आकड्यांत करून पाहावा. समजा, गुहागर किंवा देवगड तालुक्यात बारा कोटींचे वॉटर पार्क उभारायचे आहे आणि त्यातील आठ कोटी ११ टक्के व्याजाने कर्ज काढायचे आहे. सात वर्षांत फेडायचे ठरवले तर महिन्याचा हप्ता सुमारे १३ लाख ७० हजार रुपये होतो, म्हणजे वर्षाला सुमारे १ कोटी ६४ लाख. तिकीट ५९० रुपये ठेवले तर १८ टक्के जीएसटी वजा जाता हाती ५०० रुपये येतात. वीज, पगार, क्लोरीन, विमा, दुरुस्ती आणि जाहिरात यांचा सगळा खर्च काढून माणशी २०० रुपये उरतात असे उदारपणे धरले, तरी केवळ हप्ते भागवण्यासाठी वर्षाला ८२,००० माणसे यावी लागतील. पावसाळा आणि मधले सुने दिवस वगळता खऱ्या अर्थाने चालणारे १८० दिवस धरले तर रोज साडेचारशेहून अधिक माणसे हवीत, आणि त्यांपैकी एकाच्याही तिकिटातून मालकाला अजून काहीच मिळालेले नसेल. हेच कर्ज बारा वर्षांच्या मुदतीने मिळाले तर हप्ता सुमारे दहा लाखांवर येतो आणि आवश्यक माणसे वर्षाला साठ हजारांच्या आसपास येतात. पार्क तेच, व्याजदरही तोच. फक्त मुदत बदलल्याने वर्षाकाठी बावीस हजार माणसांचा फरक पडतो.

म्हणून बँकेत जाताना व्याजाच्या अर्ध्या टक्क्यावर घासाघीस करण्याआधी मुदतीचा आग्रह धरावा, पार्क सुरू झाल्यानंतरची किमान पहिली दीड-दोन वर्षे मुद्दलाच्या हप्त्यातून सवलत मागावी, आणि हप्ते बारा महिने सारखे न ठेवता हंगामानुसार बांधून घ्यावेत. शाळांच्या सहली डिसेंबर ते फेब्रुवारीत येतात, मे महिन्यात चाकरमानी आणि घाटमाथ्यावरचे पर्यटक येतात, आणि जून ते सप्टेंबर गल्ला जवळपास बसलेलाच असतो. गणपतीत गावे भरलेली असतात खरी, पण त्या दिवसांत माणसे घरच्या आरतीत आणि पाहुण्यांत असतात. त्या गर्दीवर पार्कचा अंदाज बांधू नये.

सगळे भांडवल पहिल्याच दिवशी जमिनीत घालणे

दक्षिणेतील वंडरला या पार्क कंपनीचा मार्ग यासाठी अभ्यासण्यासारखा आहे. व्ही-गार्डचे संस्थापक कोचौसेफ चिट्टिलप्पिल्ली यांनी २००० मध्ये कोचीला वीगालँड नावाने पहिले पार्क काढले, २००५ मध्ये बेंगळुरूला दुसरे. कंपनी २०१४ मध्ये शेअर बाजारात आली, म्हणजे दोन पार्क चालवून दाखवल्यानंतर. हैदराबादचे पार्क २०१६ मध्ये आणि भुवनेश्वरचे २०२४ मध्ये उघडले. चेन्नईचा प्रकल्प स्थानिक करमणूक कराच्या प्रश्नावर अनेक वर्षे थांबला, तेव्हा कंपनीने थांबणे पत्करले. अंगावर मोठे कर्ज नसल्याने तिला ते परवडले. बऱ्याच राइड स्वतःच्या कारखान्यात बनवल्या जातात, त्यामुळे खर्च आणि दुरुस्ती दोन्ही आटोक्यात राहतात. कोचीचा पाऊस कोकणच्या पावसाइतकाच दांडगा आहे, त्यामुळे ‘आपल्याकडे चार महिने पाऊस, इथे पार्क चालणारच नाही’ हा आक्षेप पुरेसा ठरत नाही. प्रश्न त्या चार महिन्यांत हप्ता किती भरायचा आहे हा असतो.

हापूसचे कलम लावणारा बागायतदार पहिली काही वर्षे मोहोर खुडून टाकतो, कारण आधी झाड वाढायला हवे असते. पार्कच्या मालकानेही सुरुवातीच्या वर्षांतला नफा असाच झाडाला परत द्यायचा असतो. व्यवहारात याचा अर्थ असा की, उपलब्ध भांडवलापैकी चौथा भाग तरी पहिल्या दिवशी खर्च करू नये. त्यातून दोन-तीन वर्षांनी एक नवी राइड येते आणि ज्या शाळा, ज्या कुटुंबांनी एकदा पार्क पाहिले आहे त्यांना पुन्हा येण्याचे कारण मिळते. स्थानिक लोकवस्ती विरळ असलेल्या आपल्या जिल्ह्यांत पुन्हा येणाऱ्या माणसाचे मोल मुंबईच्या पार्कपेक्षा कितीतरी अधिक आहे, कारण नव्या माणसांचा साठा लवकर संपतो. अनेक प्रकल्प अहवालांत घसारा दाखवलेला असतो, पण त्या रकमेइतका पैसा खरोखर बाजूला ठेवण्याची तरतूद नसते. घसारा कागदावरच राहतो आणि पाचव्या वर्षी स्लाइडचा रंग उडालेला दिसू लागतो.

किनाऱ्यावर ही तरतूद दुप्पट करावी, असे माझे ठाम मत आहे. खाऱ्या हवेत साध्या पोलादी नट-बोल्टवर वर्षभरातच गंज धरतो, स्लाइडच्या सांध्यांखाली तपकिरी ओघळ दिसतात, पंपांची आणि विजेच्या पॅनेलची जोडणी कुजते. सागरी वापराचे ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील सुरुवातीला महाग वाटते, पण दरवर्षी सांधे बदलण्यापेक्षा स्वस्त पडते. बाहेरचा गुंतवणूकदार जेव्हा नागपूर किंवा इंदूरच्या पार्कचा देखभाल खर्च कोकणच्या अहवालात जसाच्या तसा उतरवतो, तेव्हा पहिली शंका इथेच घ्यावी.

जमिनीचा प्रश्न ‘नंतर पाहू’ म्हणून ठेवणे

दिल्लीच्या प्रगती मैदानावरचे अप्पू घर १९८४ मध्ये सुरू झाले आणि एका पिढीच्या बालपणाचा भाग बनले. जमीन भाडेपट्ट्याची होती. भाडेपट्ट्याचा आधार गेल्यावर २००८ मध्ये ते बंद झाले, आणि ती जागा सर्वोच्च न्यायालयाचा विस्तार व मेट्रो यांच्या वाट्याला गेली. पार्कची राइड उचलून दुसरीकडे नेता येते. पण तिच्यासाठी घातलेला पाया, पाण्याच्या टाक्या, रस्ते आणि लोकांच्या मनातली जागा नेता येत नाही. ज्याच्या हाती जमीन, त्याच्या हाती पार्कचे आयुष्य.

कोकणात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. सातबारा काढला की त्यावर वीस-पंचवीस नावे सामायिक निघतात. त्यांपैकी काही मुंबईला, काही बडोद्याला, काही वारलेली आणि वारसनोंद न झालेली. इतर हक्कांच्या रकान्यात कूळ असते. कुळकायद्याने मिळालेली जमीन असेल तर हस्तांतरणावर कलम ४३ च्या अटी येतात, आणि शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन घ्यायची असेल तर कलम ६३ आडवे येते. गावातला एक भाऊ तोंडी होकार देतो, कंपाउंड घातले जाते, पंप बसतात, आणि दुसऱ्या वर्षी परगावचा चुलतभाऊ वाटणीचा दावा लावतो. बँक त्या दाव्याची प्रत पाहून पुढचे वितरण थांबवते. म्हणून आधी वारस फेरफार, मग वाटप किंवा सर्व हिस्सेदारांची नोंदणीकृत संमती, मग बिनशेती, आणि त्यानंतरच कुदळ, हा क्रम कोणत्याही घाईत मोडू नये. भाडेपट्टा करायचा असेल तर तो नोंदणीकृत असावा, कर्जाच्या मुदतीपेक्षा किमान दहा वर्षे अधिक असावा, आणि मुदत संपल्यावर बांधकामाचे काय होणार हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे.

किनाऱ्याला लागून असलेल्या जागेचा मोह समजण्यासारखा आहे, पण किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. २०१९ च्या अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात उच्चतम भरती रेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा विकास-निषिद्ध आहे. दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोकवस्ती असलेल्या ग्रामीण भागातच तो ५० मीटरवर येतो. आपली बहुतेक किनारी गावे पहिल्या प्रकारात मोडतात. त्यामुळे अनेक जण किनारा सोडून वरच्या सड्यावर जातात, कारण कातळाची जमीन स्वस्त आणि मोकळी असते. तिथे आणखी एक गोष्ट तपासावी: रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या सड्यांवर प्राचीन कातळशिल्पे आहेत, २०२२ मध्ये कोकणच्या कातळशिल्पांचा समावेश जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला आहे, आणि ज्या सड्यावर अशी शिल्पे आहेत तो पार्कसाठी सपाट करण्याचा विचारही कोणी करू नये.

जमीन आणि पार्क यांची मालकी मुद्दाम वेगळी करण्याचाही एक मार्ग आहे. २००७ मध्ये इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्स आणि थॉर्प पार्कसह काही पार्कांची जमीन विकून ३५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने परत घेण्यात आली. मालकाला एकरकमी मोठा पैसा मिळाला, पण पुढे दरवर्षीचे भाडे हा न चुकणारा खर्च झाला. मोठ्या कंपनीला हा व्यवहार पेलतो. हंगामी गल्ल्यावर जगणाऱ्या कोकणातल्या पार्कने मात्र जमीन विकून पुन्हा भाड्याने घेण्याच्या सल्ल्यापासून दूर राहावे.

समुद्र फुकट आहे, हे विसरणे

अमेरिकेतील मर्टल बीच हे समुद्रकिनाऱ्यासाठी प्रसिद्ध असलेले पर्यटनस्थळ आहे. तिथे सुमारे ४० कोटी डॉलर खर्चून उभारलेले हार्ड रॉक पार्क २००८ मध्ये उघडले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिवाळखोरीत गेले. नव्या मालकांनी पुढच्या वर्षी नाव बदलून ते चालवून पाहिले, तेही टिकले नाही. मोठे कर्ज आणि मंदीचे वर्ष ही कारणे होतीच, पण किनाऱ्यावर आलेल्या लाखो लोकांचा मोठा हिस्सा आपोआप पार्ककडे वळेल हा हिशेबही चुकला. तारकर्लीला किंवा गणपतीपुळ्याला येणाऱ्या पर्यटकांची संख्या घेऊन तिला दहा-पंधरा टक्क्यांनी गुणणारे अहवाल आपल्याकडेही तयार होतात. मालवणला दोन दिवसांसाठी आलेले कुटुंब किल्ला पाहते, स्कूबा करते, मासे खाते आणि संध्याकाळी वाळूत बसते. त्यातले चार तास आणि दोन-अडीच हजार रुपये पार्कला का द्यायचे, याचे उत्तर आधी हवे. गणपतीपुळ्याच्या ‘प्राचीन कोकण’ या खुल्या संग्रहालयाने ते उत्तर कोकणच्याच जुन्या जीवनातून शोधले, यंत्रांतून नव्हे, आणि कमी भांडवलात करता येण्यासारख्या कामाचा तो एक चांगला नमुना आहे.

पाण्याचेही तसेच आहे. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात पाण्याची चिंता कशाला, असे बाहेरून आलेल्या गुंतवणूकदाराला वाटते. प्रत्यक्षात कातळावरचे पाणी वाहून जाते आणि एप्रिल-मे मध्ये वाड्यावाड्यांत टँकर फिरतात, म्हणजे वॉटर पार्कच्या भर हंगामात. त्या दिवसांत विहिरीवरून पार्ककडे पाइप गेलेला वाडीतल्या बायकांना दिसला तर पार्कविषयीची सगळी आपुलकी संपते, आणि ती संपणे योग्यच आहे. पावसाळ्यात भरणारे अस्तरित तळे आणि पाणी गाळून पुन्हा वापरणारी यंत्रणा हा खर्च मूळ भांडवलातच धरावा. पुढे पाहू म्हटले की तो कधीच होत नाही.

चाकरमान्यांकडून ठेवी गोळा करणे

गावाच्या विकासाच्या नावाने मुंबईच्या मंडळांतून पैसा उभा करणे ही कोकणची जुनी आणि अभिमानाची रीत आहे. शाळा, देवळे, रस्ते अशाच उभ्या राहिल्या. मात्र देणगी आणि गुंतवणूक यांत कायद्याने मोठे अंतर आहे. खासगी मर्यादित कंपनीला २०० हून अधिक सभासद घेता येत नाहीत, आणि लोकांकडून ठराविक परताव्याच्या बोलीवर ठेवी घेणे तिला मोकळे नाही. ‘पाच लाख द्या, वर्षाला बारा टक्के आणि आजीवन मोफत प्रवेश’ अशी पत्रके वाटली आणि पुढे परतावा थकला, तर १९९९ च्या महाराष्ट्र ठेवीदार हितसंबंध संरक्षण कायद्याखाली प्रवर्तकांची मालमत्ता जप्त होऊ शकते. ज्यांनी विश्वासाने पैसा दिला ते आपलेच भावकीतले असतात, त्यामुळे नुकसान केवळ पैशाचे राहत नाही.

चाकरमान्यांचा पैसा घ्यावा, पण समभाग म्हणून, मोजक्या लोकांकडून, कायदेशीर कागद करून, आणि पहिली पाच वर्षे लाभांश मिळणार नाही हे पहिल्याच सभेत सांगून. बाहेर पडायचे असल्यास भाग कोणाला आणि कोणत्या मूल्यांकनाने विकायचा, याचे कलम भागधारक करारात असावे. ते नसेल तर मुलीच्या लग्नासाठी किंवा घरासाठी पैसा हवा असलेला एक भागीदार सगळ्यांना वेठीस धरू शकतो, तेही मनात वाईट काही नसताना.

चालवणारा नफ्यातला भागीदार नसणे

युरो डिस्नेच्या करारात पार्क तोट्यात असतानाही मूळ कंपनीला रॉयल्टी आणि व्यवस्थापन शुल्क देय होते, हा त्या संकटाचा एक भाग होता. उलट टोकियोत १९८३ पासून पार्कची मालकी आणि कारभार ओरिएंटल लँड या जपानी कंपनीकडे आहे. डिस्नेला रॉयल्टी मिळते, पण रोजच्या पार्कची जबाबदारी आणि नव्या गुंतवणुकीचा निर्णय स्थानिक मालकाचा असतो, आणि ती कंपनी नव्या आकर्षणांवर सातत्याने खर्च करत आली आहे. जर्मनीतील युरोपा-पार्क राइड बनवणाऱ्या माक कुटुंबाच्या हातात १९७५ पासून आहे, तर नेदरलँड्समधील एफ्टेलिंग एका प्रतिष्ठानाच्या मालकीचे आहे. तिन्ही ठिकाणी मालकीचा प्रकार वेगळा आहे. सारखी आहे ती एक गोष्ट, की निर्णय घेणारा माणूस पुढची वीस वर्षे तिथेच असणार आहे. अमेरिकेच्या सिक्स फ्लॅग्जने खरेदीमागून खरेदी करत पार्कांची साखळी वाढवली आणि २००९ मध्ये सुमारे २.४ अब्ज डॉलर कर्जासह दिवाळखोरीत गेली, हे याच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण आहे.

म्हणून बाहेरच्या कंपनीला व्यवस्थापन द्यायचे झाल्यास तिचे शुल्क उलाढालीवर न ठेवता मुख्यतः नफ्यावर ठेवावे. उलाढालीवर शुल्क घेणारा सवलतीची तिकिटे वाटून गर्दी दाखवतो. त्या गर्दीची वीज आणि दुरुस्ती मालकाच्या खात्यावर पडते. सुरक्षेचा खर्च कोणत्याही परिस्थितीत व्यवस्थापकाच्या बचतीच्या यादीत असू नये. २०१५ मध्ये ऑल्टन टॉवर्सच्या राइडवर झालेल्या अपघातानंतर चालक कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड झाला, आणि त्याहून मोठी किंमत अपघातात पाय गमावलेल्या तरुण मुलींनी मोजली.

गावाला बाजूला ठेवणे ही चूक तर सांगण्याचीही गरज भासू नये. मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणी येथे जाहीर झालेला सी-वर्ल्ड हा सागरी थीम पार्कचा प्रकल्प जमिनीच्या प्रश्नावर स्थानिकांच्या विरोधात अडकला. क्षेत्र कमी करण्याचे प्रस्ताव आले, तरीही तो उभा राहिला नाही. ग्रामसभेपुढे आराखडा आणि पाण्याचा स्रोत आधी ठेवावा, दुकानगाळे आणि नोकऱ्यांचे आश्वासन लेखी द्यावे.

अडचण आलीच तर

हप्ता चुकण्याची चिन्हे दिसताच बँकेत जावे, चुकल्यावर नव्हे. थकबाकी ९० दिवसांवर गेली की खाते अनुत्पादक ठरते आणि शाखाधिकाऱ्याच्या हातात फारसे काही उरत नाही; पहिल्या तीस दिवसांत हप्त्यांची फेररचना मागणे सोपे असते. जाताना तीन वर्षांचा महिनावार गल्ला सोबत न्यावा, कारण पावसाळ्यातील खड्डा हा दरवर्षीचा आहे की या वर्षीचा, हे त्यावरूनच दिसते. खासगी सावकाराकडून किंवा पतसंस्थेकडून चढ्या व्याजाने पैसा आणून बँकेचा हप्ता भरू नये.

वादळाने नुकसान झाले असेल तर विम्याची कागदपत्रे तपासावीत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड परिसरात बागा आणि छपरे उद्ध्वस्त केली, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आले. इमारतीचा विमा असतो, पण उघड्यावरच्या स्लाइड आणि व्यवसाय बंद राहिल्याचे नुकसान त्यात बसतेच असे नाही. ही दोन्ही कलमे पुढच्या नूतनीकरणात मागून घ्यावीत.

पैसा कमी पडला म्हणून सर्वांत आधी देखभाल थांबवली जाते. त्याऐवजी दोन राइड पूर्ण बंद करून उरलेल्या नीट चालवाव्यात. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले, शेजारी १९९८ मध्ये वॉटर किंगडम आले. २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्डच्या राइड थांबल्या, वॉटर किंगडम चालू राहिले. दमट उन्हाच्या आपल्या किनाऱ्यावर यंत्रांच्या राइडपेक्षा पाण्याची बाजू अधिक टिकाऊ ठरते, हे आवार लहान करताना लक्षात ठेवावे.

नवा गुंतवणूकदार घ्यायची वेळ आलीच तर तो अजून तीन-चार महिन्यांचे पगार शिल्लक असताना शोधावा. त्याने याआधी कोणते पार्क किती वर्षे चालवले, ते स्वतः जाऊन, आठवड्याच्या मधल्या दिवशी, तिकीट काढून पाहावे: स्वच्छतागृहे, जीवरक्षकांची संख्या आणि बंद ठेवलेल्या राइड यांवरून त्या मालकाची ओळख ताळेबंदापेक्षा लवकर होते. करारात जुन्या कामगारांची थकबाकी, गाळेधारकांच्या अनामत रकमा, शाळांनी सहलींसाठी आगाऊ भरलेले पैसे आणि जमीनमालक हिस्सेदारांचे भाडे या चार देण्यांची यादी नावानिशी जोडावी, आणि ती कोणत्या तारखेपर्यंत कोण फेडणार हे लिहून घेतल्याशिवाय भाग हस्तांतरणावर सही करू नये.